पाय दाखवा, मावशी

सोनगीर सोडलं त्या दिवशी गिरणीचा पट्टा मी स्वतःच्या हातानं उतरवला. प्रशांत, माझा मुलगा, बाहेर गाडी चालू ठेवून उभा होता आणि दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं. पट्टा चढवलेलाच राहिला की ताणून ढिला पडतो, म्हणून तो काढून गुंडाळला आणि खुंटीला टांगला. दगडांवर धुतलेलं गोणपाट टाकलं, चाळण्या उपड्या घातल्या, मोटरीला जुनी चादर बांधली. डाव्या पायाला बँडेज होतं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यामुळे सगळं उजव्या पायावर जोर देऊन चाललं होतं.

दारात अक्का उभ्या होत्या. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांचं दार आमच्या दाराला लागून. त्या रडल्या नाहीत आणि मीही नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला. "चावी मनाजोडे दे. रोज दार उघडीसन देखसु," म्हणाल्या. मी चावी दिली आणि लंगडत गाडीत जाऊन बसले. किल्ल्याचा डोंगर धुळ्याकडे जाताना बराच वेळ मागे दिसतो म्हणतात. मी पाहिला नाही. मान आखडली होती, दुसरं काही नाही.

आमच्या भावकीतले निम्मे लोक सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेत. निम्मे अजून गावातच आहेत. दोघांनाही वाटतं, माझं जाणं म्हणजे म्हातारपणी पोराकडे जाणं, त्यात लिहिण्यासारखं काय. पण मी म्हातारपणासाठी गेले नव्हते. मी एका अंगठ्यासाठी गेले होते. तो अंगठा आणि एक सिस्टर यांच्याबद्दल हे लिहिते आहे, कारण तुमच्यातल्या कित्येकांच्या घरात साखरेच्या गोळ्यांचा डबा देव्हाऱ्याशेजारी असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

तर अंगठा. आमच्या गिरणीत सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, एक नियम होता: अन्न आत, चप्पल बाहेर. आबा गेले, माझे मालक गेले, गिरणी माझ्याकडे आली, पण नियम तसाच राहिला. मी आयुष्यभर गिरणीत अनवाणी वावरले. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागते, छिन्नीनं खाचा पाडाव्या लागतात, तेव्हा बारीक कपच्या उडतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी टाकी लावली. त्यातली एक कपची माझ्या डाव्या अंगठ्यात शिरली आणि पाच-सहा दिवस तिथेच राहिली. मला कळलंच नाही. अंथरुणावर डाग दिसला तेव्हा आधी मी मांजरीवर ओरडले.

साखर मला दहा वर्षांपासून होती. गोळ्या होत्या, आठवल्या की घ्यायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, रिपोर्ट पाहिला आणि प्रशांतला फोन लावून दिला. मग जळगावच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि तिथेच थांबेल असं मी सांगू शकत नाही." अंगठ्याशिवाय गिरणीवर उभं राहता येत नाही. धान्याचा डबा उचलून वर ओतताना सगळा भार अंगठ्यावर येतो. मी त्या खुर्चीत बसूनच ठरवलं, दोन्ही पाय घेऊन परत जायचं आणि तो पट्टा चढवायचा. बाकी जळगावनं मला काय द्यावं याबद्दल माझी काहीही अपेक्षा नव्हती.

प्रशांत पिंप्राळ्यात राहतो, पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कॉलनी चांगली आहे. सगळ्यांकडे स्कूटर आहेत, कोणाकडे वेळ नाही. पहिल्याच दिवशी सुनेनं, सोनलनं, पोळ्या केल्या आणि मी पाहिलं की पीठ पाकिटातलं आहे. गिरणीवालीच्या घरात पाकिटातलं पीठ. मी काही बोलले नाही, पण पोळी मोडताना चेहरा बोलला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सोनल दळणाचा डबा स्कूटरवर पुढे ठेवून स्वतः गिरणीवर गेली. पोरगी गुणाची आहे. तेव्हा मला ते दिसत नव्हतं, कारण तेव्हा मला कोणाचंच काही चांगलं दिसत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर पाच मिनिटं भेटायचे. बाकी सगळा वेळ छाया सिस्टरचा. वय तिशीच्या आसपास, यावलकडच्या केळीवाल्या घरातली, हातात सतत काहीतरी लिहिण्याचं काम. पहिल्या दिवशी ती वर न बघता म्हणाली, "आजी, पाय दाखवा."

मला दोन गोष्टींचा राग आला. एक म्हणजे आजी. दुसरी, पाय. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या पायाला हात लावतात, तो उचलून उलटा करून कोणी बघत नाही. मी पातळ खाली ओढलं आणि म्हटलं, "मी आजी नाही. आणि पायाचं डॉक्टरांनी पाहिलंय." ती थांबली. मग म्हणाली, "बरं, मावशी. डॉक्टरांनी जखम पाहिली. मला पाय पाहायचाय." आणि जमिनीवर छोटं स्टूल घेऊन, माझा पाय स्वतःच्या मांडीवर ठेवून बसली. तिनं प्लॅस्टिकच्या काडीनं तळव्याला सात-आठ ठिकाणी टोचलं आणि प्रत्येक वेळी विचारलं, "लागलं?" मी प्रत्येक वेळी हो म्हणाले. शेवटी ती म्हणाली, "मावशी, शेवटच्या तीन वेळा मी काडी टेकवलीच नव्हती."

असं आमचं सुरू झालं. मी खोटं बोलले आणि तिनं मला पकडलं. मैत्रीची ही काही चांगली सुरुवात नव्हे.

तिनं इन्सुलिनचं पेन टोचायला शिकवलं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जेवणाआधी. साखर मोजायचं छोटं मशीन दिलं आणि एक वही: तारीख, वेळ, आकडा, काय खाल्लं. सोबत आहाराचा छापील कागद होता. त्यावर ओट्स, ब्राउन ब्रेड आणि सूप लिहिलं होतं. मी तो कागद घरी नेऊन भाजी निवडायला घेतला. वही मात्र भरली. दवाखान्याच्या आदल्या संध्याकाळी, एका बैठकीत, पंधरा दिवसांची. एकशेदहा, एकशेवीस, एकशेपंधरा. मध्ये एक एकशेचाळीस टाकला, खरं वाटावं म्हणून.

छाया सिस्टरनं वही पाहिली, पानं मागेपुढे केली आणि म्हणाली, "अक्षर सुंदर आहे." मग माझ्या पर्समधलं मशीन मागून घेतलं आणि एक बटण दाबलं. त्या मशीनला सगळं आठवतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात पंधरा दिवसांत चारच आकडे होते आणि चारही तीनशेच्या आसपास. शाळेत असताना सुद्धा मी कधी कॉपी केली नव्हती.

मला वाटलं आता प्रशांतला बोलावणार. तिनं दार लोटलं. "ही वही कोणासाठी लिहिली, मावशी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी." ती म्हणाली, "मला चांगली वही नको. वाईट वही द्या. वाईट वहीवरून मला काम करता येतं, चांगल्या वहीवरून नाही येत. ह्या आकड्यांवर डॉक्टरांनी डोस ठरवला असता तर तुमचा अंगठा गेला असता, आणि मला कळलंही नसतं का गेला ते."

मग तिनं एक प्रश्न विचारला, जो दहा वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. "बरं होऊन तुम्हाला करायचंय काय?" मी म्हटलं, "घरी जायचंय. गिरणी चालवायचीय." तिनं वहीच्या पहिल्या पानावर, जिथे नाव लिहायची जागा होती, तिथे माझ्या नावाखाली लिहिलं: गिरणी चालवायची. ते पान अजून माझ्याकडे आहे.

छापील कागदही तिनं मागितला. मी म्हटलं, त्यात मेथी निवडली. ती हसली आणि कोऱ्या पानावर मी जे सांगेन ते लिहीत गेली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी चालेल, एक. शेवभाजी महिन्यातून कधीतरी, तीही शेव कमी. भरीत चालेल, पण तेलाची तर्री तिच्या डोळ्यांसमोर नको. तुपात तळलेली बट्टी म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. "मावशी, बट्टी मलाही आवडते," म्हणाली, आणि पुढचं काही लिहिलं नाही.

तिच्या बोलण्यात यावलकडची लकब होती. घाईत असली की "काय करू राहिल्या मावशी" असं बोलायची. मी तिला माझ्या अहिराणीत चिडवायची, ती तिच्या बोलीत मला. हळूहळू मी आकडे खरे लिहू लागले. दोनशे साठ. दोनशे ऐंशी, खाली कारण: पाहुणे, लाडू. ती फक्त लाडूखाली रेघ मारायची. जखम भरायला लागली होती. पण एक गोष्ट मी तिच्यापासून लपवून ठेवली आणि ती होती कानबाई.

खान्देशाबाहेर गेलेल्यांच्या पोरांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या घरात कानबाई बसते. त्याआधी घरातल्या माणसांच्या हिशेबानं गहू मोजायचे, ते दळायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे, म्हणजे पुरणपोळ्या. रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, ताटात टाकायचे नाहीत. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय घासही तोंडात घालायचा नाही. जगात कुठेही असलेला माणूस त्या दिवशी गावात येतो. रोटांच्या दळणाआधी मी दरवर्षी गिरणी धुवून काढायची, सगळ्या गावाचे रोट माझ्या दगडांतून जायचे. त्या वर्षी पट्टा खुंटीवरच होता आणि गाव दुसऱ्या गिरणीवर गेलं होतं.

मला वाटलं, सिस्टरला सांगितलं तर ती रोट खाऊ नका म्हणेल. आणि रोट न खाणं माझ्या हिशेबात बसत नव्हतं. म्हणून मी सांगितलंच नाही. तिचं एक वाक्य मात्र पक्कं लक्षात ठेवलं होतं: इंजेक्शन चुकवायचं नाही. कानबाईसाठी आम्ही सोनगीरला आलो, आणि रविवारी सकाळी साडेआठला मी अक्कांच्या मागच्या खोलीत जाऊन पेन टोचलं आणि मोठं कर्तव्य पार पाडल्यासारखी बाहेर आले. पोटात सकाळपासून काही नव्हतं. नैवेद्य नऊ-साडेनऊपर्यंत होईल असं सगळे म्हणत होते. पण सुरतेहून अक्कांची दोन मुलं यायची होती आणि त्यांची गाडी वाटेत कुठेतरी बंद पडली होती. त्यांच्याशिवाय नैवेद्य कसा दाखवायचा. दहा वाजले, अकरा वाजले.

पुढचं मला अर्धवट आठवतं, उरलेलं सोनलनं सांगितलं. मी कानबाईसमोर बायकांमध्ये बसले होते. गाणी चालली होती. मला घाम फुटला, हात थरथरायला लागले, मी डोलू लागले आणि काहीबाही बोलू लागले. कोणीतरी म्हणालं, "कानबाई उनी!" म्हणजे माझ्या अंगात आली. गाणी थांबली. अक्कांनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. सगळ्या बायका एकेक करून माझ्या पाया पडल्या, त्यात बँडेजच्या पायालाही. अक्कांनी हात जोडून विचारलं, "माय, बोल, आमनं काय चुकनं?" आणि सोनल म्हणते, मी त्यांना उत्तर दिलं, "पट्टा उतरवा." गिरणी बंद पडली म्हणून देवी कोपली असं समजून दोन-तीन जणी रडायला लागल्या.

सोनल मात्र पाया पडली नाही. माझ्याबरोबर दोनदा दवाखान्यात आली होती, तेव्हा सिस्टरचा नंबर तिनं घेतला होता. तिनं फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "गिळू राहिल्या का त्या?" सोनल म्हणाली, हो. "मग साखर द्या. आधी साखर, बाकी सगळं नंतर. तीन चमचे पाण्यात, आणि मशीन लावा." मशीनवर आकडा आला सेहेचाळीस. नैवेद्याआधी तोंडात साखर घालायची म्हटल्यावर घरात कुजबुज झाली. सोनलनं कोणाकडे पाहिलं नाही. कानबाईसमोरच्या वाटीतली साखर होती तीच घेतली आणि मला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, पुन्हा दिली. मी डोळे नीट उघडले तेव्हा समोर वीसेक बायका हात जोडून बसलेल्या होत्या आणि मला काय झालंय ते माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं, तेही चुकीचं.

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. देवी आली असती तर बरं, असंही वाटून गेलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी तयारी करून गेले होते की ती रागावणार, मग मी रागावणार, आणि मग हे प्रकरण संपणार. छाया सिस्टरनं दार लोटलं, स्टूल ओढलं आणि म्हणाली, "माझी चूक झाली, मावशी."

ती म्हणाली, "इंजेक्शन चुकवू नका, हे मी दहा वेळा सांगितलं. जेवण उशिरा झालं तर काय करायचं, हे तुम्हाला पक्कं समजलं का, ते तपासलं नाही. आमच्याकडे केळीची कापणी असली की बाया दुपारपर्यंत जेवत नाहीत, मला माहीत होतं. तुमच्या घरात कधी काय असतं ते मी विचारायला पाहिजे होतं." मग म्हणाली, "आणि तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

ते खरं होतं. मी सांगितलं, मला भीती वाटली तू रोट बंद करशील. ती म्हणाली, "मी कानबाई बंद करणारी कोण? मी फक्त ती कशी निभवायची ते बघणार." मग तिनं समजावलं: इन्सुलिन रक्तातली साखर कामाला लावतं, पोटात काही नसेल तर असलेलीच साखर ओढत राहतं. मी मध्येच तिला थांबवलं. म्हटलं, कळलं. वरून धान्य पडत नसताना गिरणी चालू ठेवली की दगडाला दगड घासतो, जळका वास येतो आणि दगड खराब होतात. आबा म्हणायचे, गिरणी रिकामी फिरू द्यायची नाही. तीस वर्षं मी ते पाळलं, फक्त स्वतःच्या बाबतीत लावून पाहिलं नाही.

तिनं पेन काढलं आणि ते वहीत लिहून घेतलं. तिच्या वहीत, माझ्या नाही. काही दिवसांनी मी बाहेर बाकावर बसले होते तेव्हा आतून तिचा आवाज ऐकू आला, कोणा म्हाताऱ्या पेशंटला सांगत होती, "रिकामी गिरणी फिरवायची नाही, आबा. आधी ताट, मग सुई." मला हसू आलं, आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले. त्या परक्या शहरात माझी म्हणावी अशी ती पहिली गोष्ट होती.

त्यानंतर मी तिच्याशी खोटं बोलले नाही. म्हणजे एकदा बोलले, गुलाबजामच्या बाबतीत, पण दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधीच परत आत जाऊन खरं सांगितलं. तीही माझ्याशी खोटं बोलली नाही. दिवाळीच्या आधी जखम पुन्हा उघडली तेव्हा "काही नाही, होईल बरं" असं म्हणाली नाही. "मला काळजी वाटते आहे," म्हणाली. दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला बोलावलं. मी रिक्षानं जायची. आम्ही भांडलोही. गिरणीत चप्पल घालायचीच, यावर तिनं अडून बसायचं आणि मी आबांचं नाव घ्यायचं. तीन भेटी त्यातच गेल्या. शेवटी तिनंच विचारलं, "आबांना बाहेरची घाण आत नको होती, की पायात चप्पल नको होती?" मी विचार केला. बाहेरची घाण नको होती. मग तोडगा निघाला: एक जोड फक्त गिरणीचा. तो कधी उंबऱ्याबाहेर जायचा नाही, रोज धुवायचा, आणि पाय घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. आबा असते तर कुरकुर केली असती, पण मानलं असतं.

माघात जखम पूर्ण भरली. नख पुन्हा नीट आलं नाही, वाकडंच राहिलं. अंगठा आहे.

श्रावण जवळ आला तसं मी आधीच वही उघडून बसले. सिस्टर म्हणाली, नैवेद्य कितीला? मी म्हटलं, सुरतेचे लोक येतील तेव्हा. ती म्हणाली, मग सुई घड्याळावर नाही, ताटावर. डॉक्टरांना विचारून तिनं त्या दिवसाचा डोस लिहून आणला. सकाळी मोजायचं, ताट समोर आल्यावर टोचायचं, पदराला साखरेची पुडी बांधून ठेवायची आणि थरथरलं की ती तोंडात टाकायची, नैवेद्य झालेला असो वा नसो. खीर नाही. रोट एक. राहता राहिला प्रश्न माझ्या वाट्याच्या बाकीच्या रोटांचा, कारण ते टाकता येत नाहीत आणि देताही येत नाहीत. त्यापुढे छाया सिस्टरनं वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि तो माझ्यावर सोडला.

जाताना एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला थांबलो. सिस्टरच्या सांगण्यावरून मी मोजे घालून फरशीवर चालले. दोन बायांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. बघू दे म्हटलं.

सोनगीरला पोचल्यावर अक्कांनी चावी हातात ठेवली. वर्षभरात गिरणीत उंदीर फिरला नव्हता. मी गिरणी धुतली, नवा जोड पायात घातला आणि पट्टा चढवला. चढवताना अंगठ्यावर भार दिला, मुद्दाम. मोटर सुरू झाली तेव्हा शेजारच्या गल्लीतून बाया डोकावल्या आणि तासाभरात रोटांच्या दळणाची रांग लागली.

आमच्या घरचे गहू अक्का मोजत होत्या. प्रशांतचे मोजले, सोनलचे मोजले, सुरतेच्या पोरांचे मोजले. माझ्या नावाचा पसा भरताना त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी अर्धे गहू परत पोत्यात सोडले. एक पुतणसून म्हणाली, असं कमी चालतं का? अक्का तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "कानबाई काय मोजत बसनी शे का?" झालं. वर्षभर मी ज्याची चिंता करत होते ते त्यांनी अर्ध्या मिनिटात मिटवलं. आणि रविवारी सुरतेची गाडी उशिरा येणार म्हटल्यावर त्यांनीच नैवेद्य साडेनऊला दाखवला. "पोरं मंग खातीन," म्हणाल्या.

तेव्हापासून मी सोनगीरलाच आहे. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवते, वीज गेली की ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी. महिन्यातून एकदा जळगावला जाते, दोन दिवस पिंप्राळ्यात राहते, आणि खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांची वाट बघते. आधी मला वाटायचं घर म्हणजे जिथला किल्ला दिसतो ते. मग एक वर्ष वाटलं, घर माझ्याकडून काढून घेतलंय. आता वाटतं, जिथे माणसाला आपलं खरं सांगता येतं ते घर, मग ते दवाखान्यातलं एक छोटं स्टूल का असेना. आणि असं असेल तर सोनगीर तोवर माझं पूर्ण घर नव्हतंच. तिथे आम्ही कोणी कोणाला काही सांगत नव्हतो.

हे मला कळलं त्याच कानबाईच्या रविवारी. जेवणं झाली होती. पोरं ओसरीवर पसरली होती. मी मागच्या खोलीत बसून, सिस्टरनं लावलेल्या सवयीप्रमाणे, छोट्या आरशात स्वतःचे तळवे बघत होते. अक्का आत आल्या, दार लोटलं आणि माझ्याजवळ बसल्या. त्या आरशाकडे बघू लागल्या.

"मना पायले बी काही समजत नही," त्या हळूच म्हणाल्या.

"कव्हापाईन?" मी विचारलं.

"दोन वरीस व्हयनात. कोनले सांगू नको."

दोन वर्षं. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी माझ्याकडून चावी घेतली त्या दिवशीही. रोज त्या अनवाणी पायांनी माझी गिरणी बघायला जात होत्या.

लग्न होऊन आले तेव्हापासून, दर सणाला, दर शुभकार्याला मी त्या पायांना हात लावून नमस्कार केलेला आहे. ते पाय मी कधी पाहिले नव्हते. मी जमिनीवर उतरून बसले आणि मांडी घातली.

"पाय दखाडा, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी लुगडं खाली ओढलं. मी थांबले. मला थांबता येतं आता. मग त्यांनी उजवा पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी तो उजेडाकडे वळवला, टाचेजवळची भेग पाहिली, आणि एका हातानं तो धरून ठेवून दुसऱ्या हातानं छाया सिस्टरला फोन लावला.